दव न पडणारी जमीन

रविवार, ८ डिसेंबर २०२४
महाल, नागपूर

विहंगने पुण्यात बसून भाड्याने ठरवलेली कॅम्पर व्हॅन धरमपेठेतून ऐटीत निघाली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकली. पुढे जाईना, मागे येईना. अर्धा तास अख्खा महाल आम्हाला मार्गदर्शन करत होता. शेवटी ती मोठ्या रस्त्यावर उभी केली आणि सामान हातांनी वाहून नेलं. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढी मोरी. उत्तरा डोकावून म्हणाली, "पस्तीस वर्षं सांगतेय, मोरी मोठी करा. तर तुम्ही मला याहून लहान मोरीत नेताय."

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची ही मुलाकडून भेट. विहंग म्हणत होता, पचमढीला जा. मी म्हटलं, सालईडोह. त्याला वाटलं बाबा थट्टा करतायत. कुहीच्या पुढे, जंगलाला टेकलेलं कोळशाचं गाव. तिथे कोण सहलीला जातं? मी जातो. कोळसा कंपनीच्या नकाशा सेक्शनमध्ये चौतीस वर्षं ट्रेसर होतो आणि सालईडोहचे बावीस नकाशे माझ्या हातचे आहेत. जुन्या मालकांच्या काळात तिथे जमिनीखालून कोळसा काढत. छत धरायला मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे आणि त्यांच्या भोवतीने उभेआडवे बोगदे पाडत जायचं. नकाशात ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. हे सगळं मी खुर्चीत बसून, भिंग लावून, जुन्या कापडी नकाशांवरून नव्या कागदावर उतरवलं. त्या गावाच्या पोटात कुठे काय आहे ते मला आमच्या फडताळापेक्षा पाठ आहे. गाव मात्र एकदाही पाहिलेलं नाही.

ही वही प्रवासासाठी नवी घेतली. पेन तेच, शाईचं. वर 'ऐटीत' या शब्दावर थेंब पडला होता, तो अर्ध्या ब्लेडने खरवडला. आता कुणाला ओळखू येणार नाही. कागदावरचा डाग खरवडण्यात सेक्शनमध्ये माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शहाण्णव साली स्वच्छ कामासाठी मिळालेलं घड्याळ अजून आमच्या बैठकीत चालतंय.

सोमवार, ९ डिसेंबर
सालईडोह

पोहोचलो. ऐंशी किलोमीटरला साडेतीन तास. एका सायकलवाल्याने मागे टाकलं तेव्हा उत्तराने त्याला हात केला.

गाव म्हणजे एक चौक, दोन चहाच्या टपऱ्या, बंद पडलेलं एक टॉकीज आणि सगळ्यावर काळी धूळ. जमिनीखालची खाण बंद होऊन तीस वर्षं झाली. आता पलीकडे उघडी खाण आहे. तिच्यातून काढलेल्या मातीचे डोंगर झालेत, त्यांवर बाभळी उगवल्यात आणि डोंगरांच्या मागे लगेच जंगल. दुपारी दोनला खाणीत सुरुंग उडाला तेव्हा व्हॅनमधले कप बशीत नाचले. उत्तराने छातीवर हात ठेवला. टपरीवाल्याने मानही वर केली नाही.

सहा नंबरच्या चाळीलगत सपाट मोकळी जागा मिळाली. चाळीत आता अकराच बिऱ्हाडं आहेत, बाकी खोल्यांची दारं कुणीतरी काढून नेलीत. मी गाडी लावत होतो तोच हातात काठी घेतलेला एक उंच म्हातारा आला. चंपतराव. खालच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं छत ठोकण्याचं काम केलेलं. पाळी सुरू व्हायच्या आधी हा माणूस सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आत जायचा, छत ठोकायचा आणि आवाज ऐकून सांगायचा, आज इथे माणसं उभी राहतील की नाही.

"इथं नका लावू गाडी, साहेब."

"काहून?" मी मुद्दाम त्याच्याच बोलीत विचारलं.

"खाली पोकळ आहे. आयका." त्याने काठी आपटली. "रस्त्याकडं ठण्ण वाजते. इथं भद्द वाजते."

मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मग मी कोण ते सांगितलं. म्हटलं, दोन नंबर इंकलाईनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या वाटेच्या, उत्तरेला, या चाळीखाली, एकही बोगदा नाही. अखंड कोळसा आहे. नकाशा मी स्वतः काढलाय.

म्हाताऱ्याने माझ्या हातांकडे पाहिलं. "तुमी काढला? या हातानं?"

"या हातानं."

"मंग माहे कान म्हातारे झाले म्हणा," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. फार दिवसांनी कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा.

मग कळलं की या गृहस्थाने दोन हिवाळे बायकोची खाट अंगणात टाकलीय. आत झोपलं की तिचं डोकं दुखतं म्हणून खिडक्याही सताड उघड्या. या थंडीत! मी म्हटलं, अहो, डोकं थंडीनेच दुखत असणार. रुखमाबाईंनी मला हात जोडले. "देवासारखे आले भाऊ तुमी. या बुढ्यानं मले काकडून मारलं असतं." संध्याकाळच्या आत खाट आत गेली, खिडक्यांना गोणपाट लागलं. त्यांनी आम्हाला वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर दिली.

चौतीस वर्षं नोकरी करून माझ्या कामाचा कुणाला असा थेट उपयोग झालेला मी पाहिला नव्हता. बरं वाटलं.

मंगळवार, १० डिसेंबर

सकाळी साडेसहाला बाहेर आलो तर गवतावर पांढरंशुभ्र दव. पण सगळीकडे नाही. आमच्या व्हॅनच्या मागून चाळीखालपर्यंत चार-चार हात रुंदीचे कोरडे पट्टे गेलेत, उभे आणि आडवे, आणि मधे दवाचे चौकोन. इतकं रेखीव की उत्तराच्या आईचं चौकड्यांचं लुगडं आठवलं. निसर्गाचा हातही कधीकधी स्वच्छ असतो. समोरच्या पानावर त्याची आकृती काढून ठेवली आहे, पावलांनी मोजून.

कोरड्या पट्ट्यावर हात ठेवला तर जमीन कोमट. उत्तरा चपला काढून तिथे बसली आणि तासभर उठेचना. म्हणाली, गुडघ्यांना फुकटचा शेक. मग मी गाडी दहा फूट मागे घेऊन बरोबर पट्ट्यावर लावली. आता व्हॅनचा तळ गरम राहतो. धरमपेठेतल्या त्या व्हॅनवाल्या सौरवने हीटरचे वेगळे पैसे मागितले होते!

दुपारी जंगलाच्या कडेने फिरलो. सोबत मिनल नावाची वनरक्षक पोरगी, खाकी कपडे, हातात काठी, बोलणं तुटक. मातीच्या डोंगरावर तिने वाघिणीचे पंजे दाखवले. ही वाघीण पूर्वी चाळीमागच्या माळावरून सरळ जुन्या खाणीच्या तळ्याकडे पाण्याला जायची. दोन वर्षं झाली, माळ सोडून दोन किलोमीटर वळसा घालते.

"का?"

"ते तिला माहीत, सर."

मी म्हटलं, तीही आमच्या हिच्यासारखी साठीला आली असेल, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. मिनल हसली नाही. तिने नुसतं विचारलं, "तुम्ही माळावर राहून राहिले का?"

गुरुवार, १२ डिसेंबर

काल काही घडलं नाही. तळं पाहिलं. जुन्या उघड्या खाणीत पाणी भरलंय, निळंशार, आणि काठावर एक बगळासुद्धा नाही. आम्ही डबा खाल्ला आणि परत आलो.

उत्तराचं डोकं कालपासून दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, बाहेर हिंडलं की कमी. मला वाटतं व्हॅनच्या शेगडीचा गॅस गळत असावा. सौरवला फोन करून चांगलं झाडलं. तो म्हणाला, काका, सिलिंडर तर मी दिलेलंच नाही, ती शेगडी विजेची आहे. मी फोन ठेवला.

चाळीच्या शेवटच्या खोलीत अंगणवाडी आहे. चंपतरावांची मुलगी दामिनी तिथे सेविका आहे. सोळा मुलं. थंडीमुळे सध्या दार लावून घेतात. उत्तरा तिथे गाणी शिकवायला जाते. आज येऊन सांगत होती, "इतकी शहाणी मुलं मी पाहिली नाहीत. अकरा वाजले की न सांगता आडवी होतात." दामिनीला मात्र त्याचं कौतुक नाही. ती म्हणते, आधी अशी नव्हती, या दोन-तीन दिवसांतच जास्त झोपून राहिली.

रुखमाबाई भाकर घेऊन आल्या. दोनदा मला विचारलं, "तुमचं नाव का म्हणाले भाऊ?" सोमवारी त्यांनीच मला गिरिधरभाऊ, गिरिधरभाऊ म्हणून हाका मारल्या होत्या. वय झालं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

चंपतराव सकाळी एक फाईल घेऊन आले. दोरीने बांधलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. म्हणाले, "साहेब, बारा वर्षांचे अर्ज आहेत. चाळ हलवा म्हणून लिवत होतो. आता तुमी सांगतलं तर चुलीत घालतो. पण म्हटलं, घालायच्या आधी तुमी एकडाव पाहून घ्या."

मी मोठ्या मनाने पाहायला घेतले. सगळ्या अर्जांना एकच उत्तर. 'नकाशा क्रमांक १४ नुसार सदर वस्तीखाली खाणकाम झालेले नाही. सबब स्थलांतराची मागणी अमान्य.' आठ पत्रं, आठही वेळा नकाशा क्रमांक १४.

चौदा.

मी चंपतरावांना म्हटलं, "जाळू नका. असू द्या." ते म्हणाले, काहून? मी म्हटलं, जुने कागद आहेत, ठेवावेत. ते गेले. जाताना तीन ठिकाणी थांबून काठी आपटली आणि मान हलवली, आपल्याच कानांची समजूत काढावी तशी.

आता लिहितो. इथे तर कुणी वाचणार नाही. चौदा नंबरच्या जुन्या कापडी नकाशावर, दोन नंबर इंकलाईनच्या उत्तरेला, टिंबांची एक रेघ होती. टिंबांची रेघ म्हणजे मोजणी झालेली नाही, पण बोगदे असावेत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मुकादमाच्या सांगण्यावरून'. मी ती रेघ उतरवली होती. नक्की उतरवली होती. मग शाईचा थेंब पडला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. डाग खरवडला, त्यासोबत टिंबंही गेली. खरवडलेल्या जागी पुन्हा शाई लावली की ती फुटते, नकाशा घाण दिसतो. आणि आमचे साहेब म्हणायचेच की टिंबं दिसली की वरून प्रश्न येतात. मी नाही काढली. मुकादमाच्या सांगण्यावरून काढलेल्या रेघेला असा काय अर्थ असतो? तो तोंडी बोलला असेल, विडी ओढता ओढता. कापडी नकाशा पुढे रद्दीत गेला. मी काढलेल्या नकाशाला मात्र बक्षीस मिळालं, ते घड्याळ.

नुसता शब्दांचा खेळ करायला नको. मंगळवारी मी समोरच्या पानावर दवाचे चौकोन काढलेत. आत्ता पान उलटून पाहिलं. चौतीस वर्षं मी हेच काढत होतो आणि स्वतःच्या पायाखाली ते ओळखू आलं नाही.

खाली कुठेतरी कोळसा पेटलेला असला पाहिजे. म्हणून जमीन गरम. त्याची विषारी हवा वर झिरपते, म्हणून डोकं.

शनिवार, १४ डिसेंबर

गाडी हलवली. गावाच्या बाजूला, डांबरी रस्त्यापलीकडे, शाळेच्या मैदानाजवळ. उत्तराला सांगितलं की माळावर फोनला रेंज नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कोण फोन करतंय?"

रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनाही तेच सांगितलं. रेंज. त्यांनी भाकर दिली, अजून ऊन होती.

आधी नागपूरला जावं, सेक्शनमधल्या जुन्या माणसांशी बोलावं, मग रीतसर लिहावं. नुसत्या आठवणीवर बोललो आणि चुकलो तर अकरा घरं विनाकारण थंडीत बाहेर पडतील. पेन्शनचंही काय होतं ते विचारायला हवं. सोमवारी नक्की.

खाट बाहेर काढा, एवढं तरी आज सांगता आलं असतं. ते का नाही सांगितलं? कारण त्यांनी विचारलं असतं, काहून.

रविवार, १५ डिसेंबर
नागपूर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी नऊला दामिनी रस्त्यावरून ओरडत आली. रुखमाबाई उठत नव्हत्या. चंपतराव पहाटेच गावात दूध आणायला गेले होते, ते आले तेव्हा खोली बंद, खिडक्यांना गोणपाट, आणि त्या खाटेवर, गाल लालबुंद, हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. अँब्युलन्सला दीड तास लागेल म्हणाले. व्हॅनमध्ये घातलं. साडेतीन तासांचा रस्ता मी सव्वा तासात कापला. चंपतराव बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तळाशी बसले होते आणि मधूनमधून बोटांनी व्हॅनच्या भिंतीवर ठोकत होते.

डॉक्टर तरुण आहे. त्याने विचारलं, "बंद खोलीत शेगडी पेटवली होती का?"

"नाही जी," चंपतराव म्हणाले. "खिडक्या उघड्याच राह्यत होत्या आमच्या. सोमवारपासून बंद केल्या."

"का?"

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. साहेब समजावून सांगतील, अशा नजरेने. मी म्हटलं, "थंडी होती."

रुखमाबाई आत आहेत. जीव वाचेल म्हणतात, पुढचं सांगता येत नाही. मेंदूत किती वेळ विषारी हवा गेली त्यावर आहे सगळं. सोमवार ते रविवार. त्यातले शुक्रवार, शनिवार माझे. शुक्रवारी दहा वाजता मला माहीत होतं.

दुपारी घरी जाऊन आलो, कपडे आणायला. बैठकीत घड्याळ चालत होतं. मी खुर्चीवर चढून ते काढलं, मग कुठे ठेवावं ते कळेना म्हणून पलंगावर पालथं ठेवून आलो.

परत आल्यावर उत्तराला सगळं सांगितलं. बाहेर, पार्किंगमध्ये. ब्लेड, टिंबं, चौदा नंबर, दवाचे चौकोन. मला वाटलं ओरडेल. तिने एवढंच म्हटलं, "मला रेंजचं कारण सांगितलंत." आणि आत रुखमाबाईंपाशी जाऊन बसली. मागोमाग जायची माझी हिंमत झाली नाही.

तिथे अजून दहा घरं आहेत. अंगणवाडी उद्या दहाला उघडते.

सोमवार, १६ डिसेंबर
सालईडोह

उत्तरा हॉस्पिटलमध्येच थांबली. दहाच्या आत मी आणि चंपतराव परत आलो. वाटेत मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळ्यांसमोर, नाहीतर मी पुन्हा निम्मंच सांगेन, ही भीती होती.

मुलांसाठी गावातच राहिलेली दामिनी अंगणवाडीचं कुलूप काढत होती. मी म्हटलं, "उघडू नको. सगळ्यांना बाहेर बोलाव." चाळ जमली. मी सांगितलं. तीनदा सांगावं लागलं. चाळीखाली बोगदे आहेत. ते पेटलेत. नकाशात दिसत नाहीत, कारण मी ते ब्लेडने खरवडले. सोमवारी मी जाणूनबुजून खोटं बोललो नाही, पण शुक्रवारपासून गप्प बसलो.

मग चंपतराव म्हणाले, "म्हंजे माहे कान बरोबर होते."

एवढंच. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं.

दामिनी मात्र पुढे आली. "माझ्या आईची खाट आत कोणी घ्यायला लावली, काका?"

"मी."

"आणि स्वतःची गाडी कधी हलवली?"

"शनिवारी."

"मंग शनिवारीच काहून नाही बोलले?" ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

दुपारपर्यंत सगळी बिऱ्हाडं रस्त्यापलीकडच्या शाळेत नेली. मी चुन्याची गोणी घेतली आणि कापडी नकाशावरची ती रेघ आठवून आठवून जमिनीवर टाकत गेलो. एक मूठ चुना, दोन पावलं, एक मूठ चुना. माझ्या हिशेबाने सगळी चाळ आत आली आणि शाळा, रस्ता बाहेर राहिले. मुलांना बसायला व्हॅन मोकळी करून दिली. सोळाच्या सोळा आत शिरली आणि अकरा वाजता एकही झोपलं नाही. कपाटाएवढ्या मोरीत लपाछपी चालली होती.

दामिनीने कंपनीच्या ऑफिसला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, नकाशा क्रमांक १४ समोर आहे, त्यात काही नाही, तोंडी बोलण्याला अर्थ नाही, लेखी पुरावा द्या. मुकादमाबद्दल मी हेच लिहिलं होतं, तीन पानं मागे.

पुरावा काय? कापडी नकाशा रद्दीत गेला. तेव्हाचे साहेब वारले. मी म्हटलं, वही आहे. तारखा आहेत, मंगळवारची आकृती आहे, शुक्रवारचं सगळं आहे. दामिनी म्हणाली, "द्या." मी म्हटलं, उद्या देतो, एक दिवस लिहायचं राहिलंय. ती तशीच उभी राहिली. तिला वाटलं असणार की हा पुन्हा एक दिवस मागतोय.

मंगळवार, १७ डिसेंबर

साडेसहाला शाळेच्या ओट्यावरून खाली उतरलो, अनवाणी. माळावर दव होतं, चौकोनाचौकोनांत, त्यात माझी चुन्याची टिंबं दिसत होती. आणि कोरडे पट्टे टिंबांशी थांबले नव्हते. रेघ ओलांडून, डांबरी रस्त्याखालून, ते या बाजूला आले होते. एक पट्टा शाळेच्या कोपऱ्यापर्यंत. एक थेट व्हॅनखाली.

पायाला जमीन कोमट लागली.

मी मुकादमाची रेघसुद्धा आखूडच आठवली होती, की खालची आग पुढे सरकलीय, ते मला माहीत नाही. यापुढे मला माहीत आहे असं मी कुठल्याही जमिनीबद्दल म्हणणार नाही. चंपतरावांना उठवलं. त्यांनी व्हॅनभोवती फिरून काठी आपटली. या वेळी मलाही ऐकू आलं. भद्द.

"लेकरं अजून गाडीत आली नाहीत न?" त्यांनी विचारलं. "मंग गाडी चालू नका करू. हादरा बसन. राहू द्या तिथंच."

सगळ्यांना पुन्हा उठवून बाजाराच्या ओट्यांवर नेलं. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन. मिनल आली, तिने रस्त्यावर दोर बांधला. वाघीण कुठून कुठे वळसा घालते ते तिने काठीने मातीत काढून दाखवलं. तिचा वळसा माळासारखा शाळेलाही टाळून जातो, बाजाराची कड मात्र टाळत नाही. आम्ही सगळे त्या मातीतल्या रेघेकडे पाहत उभे होतो. दुपारी दोनला नेहमीप्रमाणे सुरुंग उडाला आणि व्हॅनची पुढची दोन चाकं जमिनीत गेली, हळूच, कुणी गुडघे टेकावेत तशी. खड्ड्यातून धूर आला. सौरवचे चार फोन येऊन गेलेत.

चारला उत्तराचा फोन आला. चंपतराव शेजारी होते म्हणून आवाज मोठा केला. रुखमाबाईंनी डोळे उघडलेत. उत्तराला ओळखत नाहीत, आपलं गाव सांगत नाहीत. एकच वाक्य सारखं म्हणतायत. उत्तराने फोन त्यांच्या तोंडाशी धरला आणि आम्हाला ऐकू आलं, "खिडकी उघड वं बाई. खिडकी उघड."

चंपतराव फोनशी वाकून म्हणाले, "उघडी आहे. मी उघडली." मग उठून बाजाराच्या टोकापर्यंत गेले, दर दहा पावलांवर काठी आपटत.

दामिनी चहाच्या टपरीवर बसलीय, वहीची वाट पाहत. उद्या ती या वहीच्या प्रती काढून अर्जाला जोडणार, मूळ वही स्वतः ऑफिसात नेऊन देणार. तिने बजावलंय, "काका, खाडाखोड करू नका. त्याहीवरून नाही म्हणतील." म्हणून नोंदवून ठेवतो: पहिल्या पानावर 'ऐटीत' या शब्दापाशी कागद खरवडलेला आहे. तिथे फक्त शाईचा डाग होता, खाली दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. बाकी एकाही अक्षराला मी हात लावलेला नाही.

आत्ता वर रुखमाबाईंचं नाव लिहिताना मोठा थेंब पडला. नाव अर्धं बुडालंय. ब्लेड खिशात आहे. डाग तसाच राहू देतो आहे.

गिरिधर, निवृत्त ट्रेसर. नकाशा क्रमांक १४ माझ्या हातचा आहे.